ब्रोकोलीची काढणी नेमकी कधी करावी: पेरणीपासून शेवटच्या फुटव्यापर्यंत

ब्रोकोली घरी लावायचे ठरवले की पेरणी, खत आणि पाणी यांविषयीची माहिती कोठूनही मिळते. खरी पंचाईत होते ती गड्डा डोळ्यांसमोर दिसू लागल्यावर. तो आज कापावा की आणखी चार दिवस थांबावे, हे कोणी खात्रीने सांगत नाही. टोमॅटो लाल होतो, कांद्याची पात माना टाकते, भोपळ्याचा देठ वाळतो. या भाज्या काढायला आल्या हे त्या स्वतःच सांगतात. ब्रोकोलीचा जो भाग आपण खातो तो मात्र न उमललेल्या असंख्य कळ्यांचा घोस असतो. तो पिकत नाही. तो दिवसागणिक फुलण्याकडे सरकत असतो. त्यामुळे ‘तयार झाली’ असे सांगणारी ठळक खूण तिच्यात शोधूनही सापडत नाही, आणि जी खूण सर्वांत ठळक असते, म्हणजे पिवळी फुले, ती दिसते तेव्हा योग्य वेळ होऊन गेलेली असते. फुलण्याआधीचा शेवटचा चांगला दिवस ओळखायचा कसा, या एकाच प्रश्नाकडे लक्ष ठेवून मी एक संपूर्ण हंगाम ब्रोकोली लावली, आणि जे दिसले, जे वाटले, ते त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

सुरुवात बियाण्याच्या पाकिटापासून करावी लागेल, कारण काढणीविषयीचा पहिला गैरसमज तेथेच तयार होतो. पाकिटावर वाणाचा कालावधी दिवसांत छापलेला असतो. लवकर येणाऱ्या वाणांसाठी हा आकडा ५० ते ६० दिवसांच्या आसपास असतो, तर उशिरा येणाऱ्यांसाठी तो ८० किंवा त्याहूनही अधिक असतो. हे दिवस बहुतेक वेळा पुनर्लागवडीपासून, म्हणजे रोप वाफ्यात लावल्यापासून मोजलेले असतात. बी पेरल्यापासून नव्हे. बी रुजून लावण्याजोगे रोप होण्यास आणखी चार ते सहा आठवडे लागतात. हा फरक आधी ठाऊक असला की अर्ध्या हंगामात येणारी निराशा टळते. वाणांचा स्वभावही निरनिराळा असतो. ‘डी सिक्को’ या जुन्या इटालियन वाणाचा मुख्य गड्डा लहान असतो, त्याची सगळी रोपे एकाच वेळी तयार होत नाहीत, परंतु बाजूचे फुटवे भरपूर येतात. ‘वॉल्थम २९’ हे वाण उशिरा येणारे आणि थंडी चांगली सोसणारे म्हणून ओळखले जाते. संकरित वाणांचे गड्डे बहुधा एकसारखे आणि जवळजवळ एकाच वेळी तयार होतात, जे शेतासाठी सोयीचे असले तरी घरच्या स्वयंपाकघरासाठी तितके सोयीचे नसते. मी मध्यम कालावधीचे एक वाण निवडले आणि पाकीट टाकून न देता वहीला चिकटवून ठेवले. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

त्या वहीत मी तीन तारखांसाठी जागा सोडली होती: पेरणीची, पुनर्लागवडीची, आणि गड्डा प्रथम दिसल्याची. पुढे काढणीच्या निर्णयासाठी सर्वांत उपयोगी ठरली ती तिसरी तारीख.

रोपे चार-पाच आठवड्यांची आणि चार-पाच खऱ्या पानांची झाली, तेव्हा ती ४५ सेंटिमीटर अंतरावर लावली. अंतराचा काढणीशी थेट संबंध आहे, म्हणून हा तपशील येथे देत आहे. रोपे दाट लावली तर गड्डे लहान राहतात आणि लहान असतानाच तयार होतात. अशा वाफ्यात मोठ्या गड्ड्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो. तसेच रोपे ट्रेमध्ये फार दिवस अडकून पडली, त्यांची मुळे एकमेकांत गुरफटली, नत्र कमी पडले, किंवा वाढलेल्या रोपांना बरेच दिवस १० अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागली, तर पाने पुरेशी वाढण्यापूर्वीच मध्यभागी एक इवलासा गड्डा धरतो. याला शेतीच्या भाषेत बटनिंग म्हणतात. तो गड्डा नंतर कितीही खत दिले तरी मोठा होत नाही. या माहितीचा उपयोग मला पुढे झाला. तो यथास्थळी सांगते.

त्यानंतरचा काळ निव्वळ पानांचा असतो. निळसर हिरवी, जाड, मेणचट पाने एकामागून एक येत राहतात आणि मधोमध डोकावून पाहिले तर पानांखेरीज काही दिसत नाही. शेजारच्या वाफ्यातील मुळे, पालेभाज्या काढून होतात, त्या जागी दुसरी पेरणीही होते, आणि ब्रोकोली मात्र तेवढीच जागा अडवून उभी असते. या काळात मला वारंवार शंका येत असे की या रोपांना गड्डा धरणार आहे की नाही. आता मागे वळून पाहता वाटते की या टप्प्यात करण्यासारखे एकच काम होते: पाने भरपूर वाढू देणे. गड्डा किती मोठा होणार हे गड्डा दिसण्यापूर्वीच, पानांच्या बळावर ठरत असते. पाणी नियमित दिले, पण ते बुंध्याशी दिले. पानांमागे मावा आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या लहान हिरव्या अळ्या आहेत का, हे पाहत राहिले. कारण पानांवरची अळी पुढे गड्ड्यात शिरली की ती शोधणे फार कठीण होते.

एके दिवशी मधली पाने नेहमीसारखी सरळ उभी न राहता आतल्या बाजूला वळलेली दिसली. ती हलकेच बाजूला केली, तर तळाशी नखाएवढा हिरवा, दाणेदार गोळा होता. तो आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे. वहीतील तिसरी जागा त्या दिवशी भरली, आणि त्याच दिवसापासून आठवड्यातून एकदा पाहण्याची पद्धत बदलून रोज पाहण्यास सुरुवात केली. हा बदल आवश्यक आहे. रोपाला तोवर अनेक आठवडे लागलेले असतात, म्हणून पुढचेही सारे संथपणे होईल असे मनाने धरलेले असते. प्रत्यक्षात येथून पुढे वेग वाढतो. हवा थंड असेल, म्हणजे तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असेल, तर दिसू लागलेला गड्डा काढणीला येण्यास साधारण दोन ते तीन आठवडे मिळतात. हवा तापली तर हा अवधी बराच आक्रसतो, आणि शेवटच्या टप्प्यात तर घट्ट कळ्या एक-दोन दिवसांत उमलू शकतात.

फ्लॉवर आणि ब्रोकोली या दोन भाज्या दिसायला जवळच्या, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही एकाच जातीच्या आहेत. कोबी, नवलकोल आणि केल याही त्याच ब्रासिका ओलेरेसिया जातीतल्या. पण काढणीच्या बाबतीत फ्लॉवरचा अनुभव ब्रोकोलीला जसाच्या तसा लावता येत नाही. फ्लॉवरचा पांढरा गड्डा हा फुलोऱ्याची अगदी प्राथमिक अवस्था असतो. त्यात कळ्या अजून घडलेल्याच नसतात. ब्रोकोलीमध्ये मात्र कळ्या पूर्ण घडलेल्या असतात आणि त्यांना फक्त उमलायचे बाकी असते. फुलण्याच्या वाटेवर ती फ्लॉवरच्या बरीच पुढे गेलेली असते. हे समजल्यावर माझे लक्ष गड्ड्याच्या आकाराकडून कळ्यांकडे वळले, आणि तेथून सारे सोपे होत गेले.

रोज सकाळी मी प्रथम गड्ड्याच्या कडेच्या कळ्या पाहत असे. कडेच्याच का, तर बाहेरच्या वर्तुळातील कळ्या मधल्या कळ्यांपेक्षा सहसा आधी मोठ्या होतात. गड्ड्याचा मधला भाग बारीक आणि घट्ट दिसत असतानाच कडेला हालचाल सुरू झालेली असते. सुरुवातीला कळ्या इतक्या बारीक असतात की त्या सुट्या ओळखूही येत नाहीत, पृष्ठभाग केवळ खरखरीत भासतो. मग हळूहळू एकेक कळी वेगळी दिसू लागते. कडेच्या कळ्या आगकाडीच्या गुलाएवढ्या झाल्या, आणि तरीही सर्व कळ्या घट्ट मिटलेल्या असल्या, की काढणीची वेळ आली असे समजावे. या एका खुणेवर माझा सर्वांत जास्त विश्वास बसला आहे.

त्यानंतर घट्टपणा. अंगठ्याने गड्डा किंचित दाबून पाहिला तर तो टणक लागला पाहिजे, आणि पृष्ठभाग सलग, किंचित घुमटाकार असला पाहिजे. गड्डा अनेक लहान तुऱ्यांचा बनलेला असतो. हे तुरे एकमेकांना चिकटून असतात तोवर थांबण्यास हरकत नसते. कडेचे तुरे जरासे सुटे होऊ लागले, त्यांच्यामध्ये फटी दिसू लागल्या, घुमटाची रेषा उंचसखल झाली, तर त्या दिवशीच कापावे. तुऱ्यांचे देठ लांब होऊ लागल्याचे ते चिन्ह असते, आणि लांब झालेला देठ पुन्हा आखूड होत नाही.

रंगाविषयी थोडे सावधपणे सांगितले पाहिजे. गड्डा गडद हिरवा किंवा निळसर हिरवा असावा हे खरे, परंतु थंडी वाढल्यावर माझ्या काही गड्ड्यांवर जांभळट छटा आली आणि मी बरीच धास्तावले. ती छटा अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येते, तिच्यात काही वाईट नसते आणि शिजवल्यावर ती बहुतांशी नाहीशी होते. पिवळेपणा मात्र निराळा. एखाद्या कळीच्या टोकाशी पिवळी रेघ दिसली की पाकळ्या बाहेर येत आहेत असे समजावे, आणि मग ‘उद्या पाहू’ असे म्हणू नये. तिसरा प्रकार तपकिरी ठिपक्यांचा. ऊन किंवा पाण्याचा ताण पडल्यावर काही कळ्या उमलण्यापूर्वीच तपकिरी पडून वाळतात. असा गड्डा थांबवून सुधारत नाही, म्हणून घट्ट असला तरी काढून घ्यावा.

आणि आकार? आकार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पुस्तकी माहितीत मुख्य गड्डा १० ते १८ सेंटिमीटर रुंदीचा झाल्यावर काढावा असे आढळते. अंदाज म्हणून ते ठीक आहे, पण निर्णय त्यावर सोपवू नये. मी रोज पट्टीने गड्ड्याची रुंदी मोजून वहीत लिहीत होते, आणि त्या आकड्यांनी एक गोष्ट शिकवली जी नुसत्या पाहण्यातून कदाचित कळली नसती. सुरुवातीला रुंदी वाढत होती आणि पृष्ठभाग घट्टच राहत होता; ही खरी वाढ. एका टप्प्यानंतर रुंदी वाढतच राहिली, परंतु तुरे एकमेकांपासून दूर जाऊ लागले होते. ही वाढ फसवी असते. गड्डा भरत नसतो, तो पसरत असतो. पट्टीवरचा आकडा मोठा होतो आणि भाजी मात्र तेवढीच राहून तिचा देठ निबर होत जातो. म्हणून गड्डा अजून वाढतो आहे या कारणासाठी थांबायचे असेल, तर तो घट्ट राहून वाढतो आहे ना, हे आधी पाहावे.

पहिला गड्डा कापण्यापूर्वीचे काही दिवस माझ्यासाठी मोठ्या घालमेलीचे होते. कडेच्या कळ्या मोठ्या झाल्या होत्या, घट्टपणा टिकून होता, पण मी मनात धरलेल्या आकारापेक्षा गड्डा लहान होता. इतके महिने सांभाळलेले रोप, आणि कापल्यावर ते पुन्हा जोडता येणार नाही, ही भावना निर्णयाच्या आड येत होती. बागकामात अनेक वर्षे घालवलेल्या एका काकांना मी वाफ्यापाशी नेले.

‘काका, अजून वाढेल का हो हा?’ मी विचारले.

त्यांनी गड्ड्याला हात न लावता कडेने वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘वाढेल की. पण तू भाजीसाठी लावला आहेस ना? मग उद्या सकाळी काढ.’

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मी तो कापला. सकाळची वेळ निवडण्यामागे ठोस कारण आहे. काढल्यानंतरही ब्रोकोलीचा श्वासोच्छ्वास फार वेगाने चालू राहतो, आणि गड्डा जितका तापलेला असेल तितका तो वेग अधिक असतो. रात्रभरात थंडावलेला, पाण्याने भरलेला गड्डा दुपारी काढलेल्यापेक्षा अधिक दिवस ताजा राहतो. त्यासाठी धारदार सुरी घ्यावी. बोथट सुरीने दांडा चेंगरतो आणि जखम लवकर भरत नाही. गड्ड्याखाली सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर दांडा ठेवून काप घ्यावा. तो आडवा न घेता तिरका घ्यावा, म्हणजे रोपावर राहिलेल्या दांड्याच्या टोकाशी पाणी साचून कूज लागत नाही. खालची पाने तोडू नयेत, रोप तर मुळीच उपटू नये. मी कापलेला दांडा सोलून पाहिला. आतला गर कोवळा आणि गोडसर होता. साल जाड असेल तर काढावी, पण दांडा टाकून देऊ नये. कोवळी पानेही खाता येतात.

पुढील दिवसांत उरलेली रोपे एकेक करून तयार होत गेली आणि प्रत्येकाने थोडा वेगळा प्रश्न उभा केला. कोपऱ्यातील एका रोपाला, जे लावतानाच इतरांपेक्षा थकलेले वाटत होते, अगदी लहान गड्डा धरला. त्याच्या कळ्या मात्र मोठ्या होत चालल्या होत्या. बटनिंगविषयी वाचलेले आठवले, आणि त्याच्या आकाराची वाट न पाहता तो लगेच काढला. त्यामुळे त्या रोपाची ताकद बाजूच्या फुटव्यांकडे लवकर वळली. दुसऱ्या एका रोपाचा दांडा कापल्यावर आतून पोकळ निघाला. रोप फार झपाट्याने वाढले, नत्र जास्त झाले किंवा जमिनीत बोरॉन कमी असले की असे होते. पोकळी स्वच्छ आणि कोरडी असेल तर गड्डा खाण्यास चांगलाच असतो. फक्त वाफ्यात उरलेल्या पोकळ दांड्यात पाणी साचू नये, म्हणून तेथील काप अधिक तिरका ठेवला.

मग हवामान अचानक बदलले आणि काही दिवस तापमान ३० अंशांकडे जाणार असे अंदाजात दिसले. वाफ्यात तेव्हा अर्धवट भरलेले गड्डे होते. ब्रोकोलीला गड्डा भरताना उष्णता मानवत नाही. कळ्या असमान वाढतात, गड्ड्यातून लहान पाने वर येतात, आणि फुलण्याची घाई सुरू होते. मी ते गड्डे दोन भागांत विभागले. ज्यांच्या कडेच्या कळ्या मोठ्या झाल्या होत्या ते उष्णता येण्याआधीच काढले, भले ते आणखी दोन बोटे वाढले असते. ज्यांच्या कळ्या अजून अगदी बारीक होत्या ते ठेवले, बुंध्याशी पाणी आणि आच्छादन वाढवले, आणि दिवसातून दोनदा पाहिले. त्यांपैकी बहुतेक टिकले. एकाची मात्र सकाळी घट्ट दिसलेली कड संध्याकाळपर्यंत सैल झाली आणि काही पिवळ्या पाकळ्या दिसू लागल्या. तो तत्काळ काढून त्याच दिवशी शिजवला. उमलू लागलेली ब्रोकोली विषारी नसते, तिची फुलेही खाता येतात. चव किंचित कडवट आणि देठ थोडा निबर लागतो इतकेच. अशी वेळ कोणावर आली तर वाईट वाटून घेऊन ती फेकून देऊ नये.

सतत पावसाची लक्षणे असली तरीही तयार गड्डा ठेवू नये. घट्ट कळ्यांमध्ये पाणी अडकून राहिले की गड्डा कुजण्याचा धोका असतो, आणि एकदा कूज दिसली की ती झपाट्याने पसरते. वरून पाणी न घालण्याचे कारणही हेच.

काढलेल्या गड्ड्यांचे काय करायचे, हा प्रश्न एकाच आठवड्यात चार-पाच गड्डे तयार झाल्यावर गंभीर होतो. योग्य दिवशी काढलेली ब्रोकोली चुकीच्या पद्धतीने ठेवली तर काढणीतील सारी काळजी वाया जाते. शून्य अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता मिळाली तर ती तीन-चार आठवडे टिकते, ५ अंशांना सुमारे दोन आठवडे, आणि १० अंशांना जेमतेम पाच दिवस. घरच्या फ्रिजमध्ये साधारण आठवडाभर चांगली राहील असे धरून चालावे. बाहेर उबदार हवेत ती दोन-तीन दिवसांतच पिवळी पडू लागते. एथिलीन वायूमुळे हे पिवळे पडणे आणखी लवकर होते, म्हणून सफरचंद, केळी किंवा अन्य पिकत असलेल्या फळांशेजारी ती ठेवू नये. ठेवण्यापूर्वी धुऊ नये. छिद्रे असलेल्या पिशवीत कोरडी ठेवावी. शिजवण्याआधी मात्र तुरे सुटे करून मिठाच्या पाण्यात वीसेक मिनिटे बुडवून ठेवावेत. अळ्यांचा रंग कळ्यांच्या रंगात असा मिसळून जातो की कितीही निरखून पाहिले तरी एखादी राहतेच, आणि मिठाच्या पाण्यात त्या सुटून वर येतात.

मुख्य गड्डा गेल्यावर वाफा उदास दिसतो आणि रोपे काढून जागा मोकळी करण्याचा मोह होतो. तो आवरावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. शेंड्यावरचा गड्डा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना वाढू देत नाही; तो कापला की पानांच्या बगलेतून नवे फुटवे निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाला लहान गड्डा धरतो. मी काढणीनंतर लगेच प्रत्येक रोपाला थोडे कुजलेले खत आणि भरपूर पाणी दिले, आणि थोड्याच दिवसांत फुटवे दिसू लागले. त्यांचे गड्डे तीन ते आठ सेंटिमीटरचे असतात. येथे काढणीची खूण तीच, पण घड्याळ अधिक वेगाने चालते: लहान गड्डा आज घट्ट असेल तर दोन-तीन दिवसांत तो सैल झालेला असतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारून, जे फुटवे तयार असतील ते सुमारे बोटभर किंवा त्याहून थोड्या लांब देठासह कापत गेले. एखादा नजरेतून सुटून फुललाच, तर तोही कापावा. रोपावर फुले आणि शेंगा राहिल्या की नवे फुटवे येण्याचे मंदावते. या फुटव्यांची एकूण भाजी मोजली तर ती मुख्य गड्ड्यांच्या भाजीपेक्षा फारशी कमी भरली नसती, आणि एकाच दिवशी ढीग होण्याऐवजी ती थोडीथोडी अनेक आठवडे मिळत राहिली. घरच्या गरजेसाठी मला हीच अवस्था अधिक मोलाची वाटली.

ज्यांनी फुटव्यांचीच ब्रोकोली लावली आहे, म्हणजे जांभळ्या कोंबांचा प्रकार, त्यांनी मोठ्या मध्यवर्ती गड्ड्याची वाट पाहू नये. त्या प्रकारात तो एक तर येत नाही, किंवा अगदी लहान येतो. त्यातील अनेक वाणांना कोंब येण्यासाठी थंडीचा दीर्घ काळ लागतो, त्यामुळे पेरणी ते काढणी हे अंतर बरेच मोठे असते. कोंब साधारण १५ सेंटिमीटर लांब झाले आणि टोकाच्या कळ्या मिटलेल्या असल्या की मधला कोंब आधी कापावा, मग बाजूचे येत राहतात.

हंगामाच्या अखेरीस उष्णता कायमची वाढली, तेव्हा नवे फुटवे देठाने बारीक, कळ्यांनी विरळ येऊ लागले आणि कापण्याआधीच त्यांना फुले दिसू लागली. येथे थांबायचे ठरवले. एक रोप मधमाश्यांसाठी ठेवले; चार पाकळ्यांच्या त्या पिवळ्या फुलांवर त्या दिवसभर येत. त्याचे बी धरण्याचा विचार मी केला नाही, कारण ब्रोकोलीला बी धरण्यासाठी सहसा दुसऱ्या रोपाचे पराग लागतात, आणि जवळपास कोबी किंवा फ्लॉवर फुललेला असला तर संकर होऊन भलतेच रोप निघू शकते. बाकीची रोपे मुळांसकट उपटून मुळांवर गाठी आहेत का ते तपासले. गाठी नव्हत्या, तरी त्या वाफ्यात पुढची तीन-चार वर्षे कोबीवर्गीय पीक घ्यायचे नाही असे वहीत लिहून ठेवले आहे. त्याच पानावर पुढच्या हंगामाची आखणी आहे: सगळे बी एकाच दिवशी न पेरता दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने तीन हप्त्यांत पेरायचे, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अशी धरायची की गड्डे भरण्याचा काळ उन्हाळा सुरू होण्यापूर्वी संपेल.